नेटला घासलेला चेंडू

शेंद्र्याच्या एमआयडीसीत जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये माझ्याच विभागात काम करणारा तो माझ्या शेजारी बसायचा आणि मोबाईलवर पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस स्पर्धा बघायचा. कोण जिंकलं याचं त्याला काही नसायचं. चेंडू नेटला घासून नशिबानं पलीकडं पडला, की पॉइंट मिळालेला खेळाडू हात वर करून माफी मागतो. तेवढंच तो पुन्हा पुन्हा बघायचा.

"पण पॉइंट परत देतो का?" मी एकदा चिडून विचारलं.

"नाय, घेतोच की. पण बघा, हसत नाय."

मागच्या महिन्यात आमच्या दोघांतल्या एकाला कमी केलं. कशावरून ठरलं कुणास ठाऊक, माझी नोकरी गेली, त्याची राहिली.

दुसऱ्या दिवशी मी सवयीनं स्टॉपवरच्या टपरीवर चहा पीत होतो. बस आली. खिडकीतून मला बघताच त्यानं हात वर केला.

हसला नाही.