त्या आज बोलनात नहीत

माझ्या आईला, म्हणजे धुरपदाबाईला, बोलायला कुणीतरी लागतं. माणूस नसेल तर म्हैस चालते. म्हैस विकली तेव्हा ती महिनाभर हापशाशी बोलत होती. गावात सगळ्यांना ठाऊक आहे, की चुलीवर भाजी ठेवून धुरपदाबाईच्या दारावरून जाऊ नये, भाजी करपते. आम्ही तिला माय म्हणतो. मी तिची थोरली, डिंपल, धुळ्याला, मायच्या बोलीत 'धुयाले', दिलेली. बोलण्याचा हा रोग माझ्याकडेही आलाय असं माझा नवरा म्हणतो. त्याला मी उत्तर देत नाही.

आमचे वडील निंबाआबा अगदी उलट. एरंडोल ते आमचं गाव अशी जीप चालवायचे, दिवसभर माणसं कोंबून. घरी आले की बोलणं संपलेलं असायचं. ताटावर बसले की माय सुरू व्हायची. कुणाची सून कशी वागली, कापूस वेचायला कोण आलं, कुणी दांडी मारली. आबा घास गिळून फक्त "हूं" म्हणायचे. खुशीचं हूं, रागाचं हूं, भाजीत मीठ कमी असल्याचं हूं. आम्हा भावंडांना ती सगळी सारखीच वाटायची. मायला मात्र प्रत्येक हूं वेगळं कळायचं आणि ती त्यावर पुढचं वाक्य बोलायची. त्यांचा संसार असा चालला आणि चांगला चालला.

मायनं जन्मात त्यांचं नाव घेतलं नाही. ती त्यांना 'त्या' म्हणायची. आमच्या अहिराणीत मानाच्या पुरुषाला 'त्या' म्हणतात. 'त्या उनात' म्हणजे ते आले, 'त्या बोलनात' म्हणजे ते बोलले, 'त्यास्ले' म्हणजे त्यांना. पुण्या-मुंबईकडच्या माणसाला ऐकताना वाटतं, कुणीतरी बाई आली.

आबा गेले ते माझ्याकडे, धुळ्याच्या दवाखान्यात. छातीत कळ आली म्हणून आणलं होतं. चार दिवसांत परत पाठवतो असं डॉक्टर म्हणाले होते, म्हणून माय गावीच राहिली. कापूस वेचणीला आला होता, बाया लावलेल्या होत्या. आबांचा हात शेवटी माझ्या हातात होता. मायला आम्ही गाडीतून घरी आणलेलेच आबा दिसले.

त्यानंतर घरात माय, माझा धाकटा भाऊ प्रेमराज आणि त्याची बायको हेमांगी. प्रेमराजचं एरंडोलला पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे. हेमांगी पुण्याची. मनानं चांगली, पण दिवसभर लॅपटॉप लावून तिचं ऑफिसचं काम चाललेलं असतं, कानात ते बोंडूक घातलेलं. माय बोलायची, हेमांगी हसून मान हलवायची. तिला अहिराणी निम्मी कळत नव्हती आणि कळली तरी ऐकू येत नव्हती.

मागच्या वर्षी प्रेमराजनं नवी गाडी घेतली. गिअर जुन्या पद्धतीचे, हातानं टाकायचे, पण हॅन्डब्रेक नाही. म्हणजे ओढायचा दांडा नाही, त्या जागी नखाएवढं एक बटण. बटण ओढलं की आतून मोटर फिरते, घुमल्यासारखा आवाज येतो आणि मागची चाकं आवळली जातात. प्रेमराज येईल-जाईल त्याला बसवून ते बटण दाखवायचा. आमच्या शेजारच्या झुलाल नानांनी विचारलं, "आन् बॅटरी उतरनी त?" तर त्याला एवढा राग आला की नानांना त्यानं चहाही विचारला नाही.

आमच्या घरासमोरचा रस्ता उताराचा. वर डांबरी सडक, खाली झुलाल नानांच्या गोठ्याची दगडी भिंत, मध्ये आमचं दार आणि दारापुढं निंबाचं झाड. प्रेमराज दुपारी जेवायला यायचा तो असा सुसाट, की शेवटच्या वळणापर्यंत ब्रेकवरचा पाय निघायचाच नाही. झाडाच्या वरच्या अंगाला रस्त्यावर गाडी उभी करायची, न्यूट्रल करायची, बटण ओढायचं आणि जेवून कूलरसमोर आडवं व्हायचं. न्यूट्रल करायचं हे आबांचं शिकवणं. एकदा आबांची जीप गिअरमध्ये उभी असताना पुना नावाच्या एका उतारूनं उगाच चावी फिरवली आणि जीपनं उडी मारून किराणा दुकानाचं शटर फाडलं. तेव्हापासून आबांचा नियम झाला, उभी गाडी न्यूट्रलच पाहिजे. प्रेमराज आबांचं दुसरं काही ऐकायचा नाही, पण हे त्याच्या हातात बसलं होतं.

एप्रिलमध्ये हेमांगीचा फोन आला.

"अक्का, आईंचं लताबाईंशी काही वाजलंय का?"

लताबाई म्हणजे झुलाल नानांच्या घरातून. म्हटलं, का गं? तर म्हणाली, "आई दुपारी बाहेर झाडाखाली जाऊन बसतात. परत आल्या की कधी खुशीत असतात, म्हणतात, त्या बोलनात. कधी तोंड पाडून येतात, त्या बोलनात नहीत. मी लताबाईंना जाऊन भेटले. साडी दिली, हात जोडले, म्हटलं काही चुकलं असेल तर पोटात घाला. त्या म्हणाल्या, अगं, तुझी सासू दुपारी आमच्याकडे येतच नाही."

मी हसून हसून मेले. लताबाईला फुकटची साडी मिळाली. फोन ठेवला आणि चहाचं आधण ठेवताना माझा हात थांबला. मायच्या तोंडात 'त्या' म्हणजे बाई कधीच नसते.

मे महिन्यात सुट्टी टाकून मी गावी गेले. आमच्याकडची मे महिन्यातली दुपार ज्यानं पाहिली नाही त्याला काय सांगू. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. दारं लावलेली, आत कूलर घुमतात, बाहेर ऊन एवढं की पांढरं दिसतं. त्या उन्हात माय झाडाखाली पाटावर बसली होती, भुईमुगाच्या शेंगा फोडत. शेजारी प्रेमराजची गाडी, नुकतीच आलेली. तापलेली गाडी टिक टिक करत होती. माय बोलत होती. कुणाची सून कशी वागली, विहिरीचं पाणी कसं खाली गेलं. हळू आवाजात, मध्येमध्ये थांबत, बरोबर तेवढीच थांबत जेवढी ती ताटावर बसलेल्या आबांसाठी थांबायची.

मी ओट्यावर उभी होते. गाडीत कुणी नव्हतं. चावी घरात, प्रेमराज घोरत होता. काचा वर, दारं बंद.

आणि गाडी म्हणाली, "हूं."

मी खोटं सांगत नाही, आबांचंच हूं. तेच जाड, घशातलं, घास गिळून काढलेलं. मायनं मान हलवली आणि पुढचं वाक्य सुरू केलं.

मी आत जाऊन प्रेमराजला गदागदा हलवलं. तो वैतागला. म्हणाला, "अक्का, जळगावच्या सर्व्हिस सेंटरवाल्याला मी हे विचारलंय. गाडी पळून आली की चाकातल्या चकत्या तापतात. उभी राहून थंड झाल्या की आकसतात आणि ब्रेकची पकड ढिली पडते. म्हणून गाडी आपली आपण मोटर फिरवून ब्रेक पुन्हा आवळते. त्याचा आवाज आहे तो. मायलाही सांगितलं मी."

"काय म्हणाली?"

"म्हणे, मोटर त शेच. मंग बोलस कोन?"

"आणि एखाद्या दिवशी गाडीनं आवळलाच नाही तर?"

"असं होत नाही अक्का," असं म्हणून तो कूस बदलून झोपला. सर्व्हिस सेंटरवाल्यानं उतारावर गाडी गिअरमध्येच ठेवा असं बजावलं होतं, हे मला नंतर कळलं. आठवडाभर गाडीत स्टिअरिंगसमोर ब्रेकचा पिवळा दिवा लागत होता, हेही नंतरच कळलं. लग्नसराईत दुकानाला गर्दी, ती संपली की जळगावला नेतो, असा त्याचा हिशेब होता.

मी मायजवळ जाऊन बसले. म्हटलं, "माय, आबा गयात ना वं."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं लहानपणी मी वेड्यासारखं काही विचारलं की पाहायची. "माले काय माहीत नही का?" म्हणाली. "गयात. आते दुपारना येतस." पुन्हा शेंगा फोडायला लागली. मला तिचा राग आला आणि त्याच वेळी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडावंसं वाटलं. यातलं मी काहीच केलं नाही. शेंगा फोडू लागले.

दुसऱ्या दिवशीही गाडी आली. त्या दिवशी प्रेमराज आणखी सुसाट आला होता, रबर जळाल्यासारखा वास ओट्यापर्यंत आला. तो जेवला, झोपला. हेमांगी आत कुणाशी तरी इंग्रजीत बोलत होती. माय पाटावर, मी ओट्यावर खांबाला टेकून. माय बोलत होती आणि थांबत होती. उत्तर येत नव्हतं. ती जरा मोठ्यानं बोलली. पुन्हा थांबली. गाडीची टिकटिकही आता बंद झाली होती. एवढी शांतता, की निंबाचं वाळकं पान पडल्याचा आवाज आला.

"त्या आज बोलनात नहीत," माय मला म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. मग ती उठली, पाट उचलला आणि गाडीच्या खालच्या अंगाला, अगदी तोंडासमोर जाऊन बसली. रुसलेल्या माणसाचं तोंड पाहायला बसावं तशी. पदर डोक्यावर नीट केला.

मला आधी गाडी हललेली दिसलीच नाही. सावली हललेली दिसली. झाडाची सावली बॉनेटवर होती ती मागं काचेकडे सरकायला लागली. मला वाटलं ऊन चढलं. मग चाकाखालचा खडा करकरला.

आवाज नाही, इंजिन नाही, आत माणूस नाही. गाडी सावकाश, अगदी सावकाश मायकडे निघाली होती. आणि माय हसत होती.

मी ओट्यावरून उडी मारली. दार ओढलं, बंद. काचेतून आत पाहिलं. माझे डोळे तो दांडा शोधत होते, ओढायचा दांडा, आबांच्या जीपमध्ये शेजारी बसलेल्या पोरालाही ओढता यायचा तो. तिथं नुसतं बटण होतं, आणि बटणापर्यंत हात जाऊन तरी काय होणार होतं. मी पुढे धावले आणि दोन्ही हात बॉनेटवर टेकून रेटा दिला. पत्रा तव्यासारखा तापलेला होता. हात भाजत होते, पाय मातीत घसरत होते आणि गाडी मला ढकलत होती. घाई नव्हती तिला.

"माय, ऊठ!"

"तू बाजू व्हय," माय मागून म्हणाली. आवाज, न्यायला नवरा आलेल्या नव्या नवरीसारखा लाजलेला होता. "माले लेवाले उनात त्या."

त्या वेळी मी गाडीला घाबरले नाही, मायला घाबरले. हात सोडले, वळले, तिच्या काखेत हात घातले आणि ओढलं. ती उठेना. वाळलेली, मूठभर वजनाची बाई, पण तिनं निंबाची मुळी धरून ठेवली होती. मी तिची बोटं एकेक करून सोडवली. दोघी बाजूला पडलो तेव्हा चाक पाटावर चढलं, पाट मोडला, शेंगा फुटल्या. उतारावर गाडीनं वेग घेतला आणि झुलाल नानांच्या गोठ्याच्या भिंतीवर जाऊन ती आदळली. भिंतीचे दगड आत पडले. बरं तर बरं, गुरं रानात होती.

मग दारं उघडली. प्रेमराज बनियनवर धावत आला, हेमांगी कानातलं काढत आली, झुलाल नाना आले. प्रेमराज एकच म्हणत होता, "मी बटन ओढलं होतं, अक्का, मी ओढलं होतं." ते खरंच होतं. गाडी थंड झाली, पकड ढिली पडली आणि गाडीनं पुन्हा आवळायला हवं होतं ते आवळलं नाही, असं पुढे जळगावच्या माणसानं सांगितलं. गिअरमध्ये असती तर जागची हलली नसती, हेही सांगितलं. न्यूट्रल कुणी शिकवलं होतं ते प्रेमराजनं त्याला सांगितलं नाही. मीही तो विचार फार वेळ मनात ठेवला नाही, भीती वाटते.

माय धुळीत तशीच बसली होती. लताबाईनं पाणी आणलं, ते तिनं घेतलं नाही. भिंतीत घुसलेल्या गाडीकडे पाहत म्हणाली, "दारशी ईसन रिकामा गयात." दाराशी येऊन रिकामे गेले. त्यानंतर संध्याकाळपर्यंत एक शब्द बोलली नाही. आयुष्यात पहिल्यांदा आमच्या घरात एवढी शांतता होती. हेमांगी तिच्या पायाशी बसून रडली. म्हणाली, "अक्का, मी साडी द्यायला गेले, पण आईंना एकदा विचारलं नाही, त्या म्हणजे कोण."

दिवेलागणीला माय उठली. परसातून कोरफडीचं पातं तोडून आणलं आणि माझ्यासमोर बसली. माझे तळहात भाजून लाल झाले होते, फोड यायला लागले होते. तिनं एकेक हात मांडीवर घेतला आणि गर लावायला लागली, हळूहळू, लहानपणी लावायची तसा. मला वाटलं, निवळली.

फोडांवरून बोट फिरवत, वर न पाहता ती म्हणाली, "इतला जोर शे ना तुना हातमा. मंग धुयाले त्यास्ले कसाले जाऊ दिन्हं?"