नानाभाऊ अन् पोट्ट्यांचं शिंगाड्याचं दुकान

हे काही बरोबर नाई केलं, नानाभाऊ.

मंडईले आठ दिवस राह्यले असताना कोणी मरते का?

तुमचं नेहमीचंच हे. कोंबड्या पाळल्या, अर्ध्यात सोडल्या. कॅसेटचं दुकान टाकलं, अर्ध्यात सोडलं. ऊर्जानगरच्या गेटापुढं चहाची टपरी लावली, ते तं महिनाभरबी नाई टिकली. अन् आता बारा पोट्ट्यांचं दुकान अर्ध्यात टाकून गेले.

काल कविताताईचा फोन आला. "बाबा गेले रे."

मी विचारलं, "कुठी?"

खरंच असंच विचारलं. घरात बसणारा माणूसच नव्हता हा.

जे आमच्या गावाकडले नाईत त्यांच्यासाठी सांगतो. नानाभाऊ म्हणजे आमच्या गावचे सायकलवाले. किरायानं सायकली द्यायचे. अन् रविवारी दुपारी दुकानामागं पोट्टे जमवून धंदा कसा सुरू करायचा ते शिकवायचे. फुकट.

माझ्या बापानं एकदा तोंडावर विचारलं, "नानाभाऊ, तुमचेच तीन धंदे बुडले, अन् तुम्ही आमच्या पोट्ट्याइले काय शिकवून राह्यले?"

भाऊ म्हणाले, "तीन बुडवलेला दुसरा कोणी हाय का गावात? मंग!"

शाळेत माझं डोकं कधी चाललं नाई. आठवीत सुटलो. पण रविवार एकबी चुकवला नाई.

पहिले कागद, मंग पैसे. हा भाऊचा रूल. सिमेंटच्या थैलीचा कागद फाडायचा अन् चार गोष्टी लिहायच्या. काय विकणार. कुठी बसणार. घेणार कोण. उरलं तं काय करणार.

चौथ्याचं उत्तर मी लिहिलं, "खाणार."

भाऊनं टप्पल मारली. पण उत्तर खोडलं नाई.

मी दहा वर्षांचा होतो. सुनीता, पांडू अन् मी, तिघांची पार्टनरशिप. आमच्या गावच्या मंडईत उकडलेले शिंगाडे विकायचे. माल गावच्या तलावातला, ताजा. पळसाच्या पानाचा दोना, दोन रुपये.

घेणार कोण? आम्ही लिहिलं, "मंडईले येणारे सगळे."

भाऊनं वाचलं. "वा बे!" म्हणाले अन् खाली सही ठोकली.

मले गल्ल्यावर बसायचं होतं. भाऊ म्हणाले, "तुले बुडाखाली मुंग्या हायेत. तू ओरड." गल्ला सुनीताले. याच्यावरून भाऊचं अन् माझं जे भांडण सुरू झालं ते मागच्या महिन्याच्या फोनपर्यंत सुरूच होतं.

आता मंडई म्हणजे काय? दिवाळीनंतर आमच्याकडं गावोगावी भरते ती जत्रा. दुकानं, पाळणे, रातभर नाटक. अन् ज्या गावची मंडई, त्या गावात घरोघरी पाहुणे. सोयरिकीबी तिथंच जुळते.

पहिलं गिऱ्हाईक आलं माझा मामा.

"काय गा भाच्या, दुकान टाकलं का?" दोन दोने उचलले. सुनीतानं हात पुढं केला. तेवढ्यात माझी माय मागून आली.

"मामाले पैसे मागतं? लाज नाई वाटत? पाहुणा हाय तो!"

मंग सुनीताची मावशी. मंग मावशीच्या जावा.

मंग पांडूच्या ताईले पाहायले आलेले पाच जण. पांडू माझ्या कानात म्हणे, "पैसे मागतले तं ताईचं लग्न मोडीन बे!" नवरदेवानं एकट्यानं चार दोने खाल्ले. आम्ही त्याच्या तोंडाकडं पाहून राह्यलो. वाटेत खायले म्हणून बांधूनबी दिले.

एकच माणूस पैसे देऊन खाऊन राह्यला होता. एसटीचा कंडक्टर. सुनीतानं दोन रुपये घेतले अन् सवयीनं विचारलं, "कोणतं गाव जी तुमचं?"

तो निघाला तिच्या आत्याच्या दिराचा साडू.

दोन रुपये वापस. वरून एक दोना जास्तीचा.

चार वाजता भाऊ आले. शिंगाडे उकडायचा गंज रिकामा, गल्ला रिकामा.

"कोणी खाल्लं?"

"पाहुण्याइनं."

"अन् मंडईले येते कोण बे?"

आम्ही तिघं एकमेकांकडं पाहून, हळूच, "पाहुणेच येते, भाऊ."

मले वाटलं आता मार. भाऊ मटकन बसले. कागद काढला, आपलीच सही पाह्यली, अन् कपाळावर हात मारून घेतला. "मीबी याच गावचा ना बे. मलेबी नाई समजलं!"

पांडूच्या ताईचं लग्न तिथंच जमलं. भाऊनं कागदावर लिहून ठेवलं, "नफा – एक जावई."

दुसऱ्या वर्षी भाऊ वैनगंगेपल्याड सायकलनं हिंडले. लोक सोयरे शोधत फिरते, हा माणूस सोयरा नसलेलं गाव शोधत फिरला. प्रत्येक पोट्ट्याच्या घरी जाऊन आत्या, मावशी, साडू, व्याही, सगळे विचारून आला. जिथं कोणाचाच सोयरा नाई, तिथं लावलं दुकान. तीन वाजता गंज खाली, अन् गल्ला जड. तेव्हापासून दर वर्षी पोट्टे नवे, गाव परकं.

मी तं कुठंच टिकलो नाई. कोरपन्याले सिमेंटच्या थैल्या उचलल्या, हैदराबादले बेकरी केली, आता बंगलोरले हॉटेलात. भाऊ मुंग्याइबद्दल खोटं नव्हते बोलले. पण हे त्याइले सांगतलं नाई कधी.

काल फोनवर कविताताई म्हणाली, यंदा दुकान नाई. पोट्ट्यांसाठी ठेवलेले पैसेबी दवाखान्यात लागले.

मागून एक पोट्टी फोन हिसकून रडत बोलली, "दादा, आमचा कागद भाऊनं पास केला हाय! सोमवारी. खाटेवर झोपूनच पास केला!"

मी म्हटलं, वाच. तिनं सगळा वाचला. चांगला होता. आमच्यापेक्षा चांगला.

तेरवीले यायचं म्हणून मी तिकिटाचे पैसे बाजूले काढले होते, भाऊ. पण तेरवी मंडईनंतर. मी येऊन पंगतीत जेवीन, अन् या पोट्ट्याइचं दुकान लागलेलंच नाई राहीन.

म्हणून मी येऊन नाई राह्यलो. राग धरायचा तं धरा.

तुमच्यावाणी माणूस मले परत भेटणार नाई, नानाभाऊ. जा आता सुखानं. राम राम.

पोट्टेहो, शिंगाडेवाल्याले आजच सांगून ठेवा.

कविताताई, तिकिटाचे पैसे तुह्या खात्यात सकाळी टाकले. अकराशे साठ रुपये.