पानभर काळं

भिंगरी हे तिचं खरं नाव नव्हे. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात सासऱ्यांनी ते ठेवलं, कारण पाहावं तेव्हा बाई गरगरत असायची. गिऱ्हाइकाशी बोलताना हात काउंटर पुसतोय, फोनवर बोलताना पाय दारापर्यंत जाऊन परत येताहेत, आणि जेवताना निम्म्या घासावर उठून नवऱ्याला विचारणार, "अहो, मी दिवा बंद केला ना?" हा दिवा घरातला नव्हे. दुकानातला, शिक्क्यांचा.

सासऱ्यांचं, म्हणजे मामंजींचं, रबरी शिक्क्यांचं दुकान होतं. एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली कोंबून बसवलेलं. वरून कुणी धावत उतरलं की भिंतीवरचे नमुन्याचे शिक्के थरथरायचे. मामंजींची नजर मंदावली तसं सगळं काम हळूहळू भिंगरीच्या हातात आलं. हातात आलं, नावावर नाही.

आता शिक्का होतो कसा, ते एवढंच: आधी प्रिंटरवर, बटरपेपरवर, निगेटिव्ह काढायचं. सगळं पान काळं, अक्षरं तेवढी आरपार. ते काचेवर पसरायचं, वर मधासारखं दाट रसायन ओतायचं आणि खालून दिवा लावायचा. अक्षरांतून उजेड जातो, तेवढं रसायन घट्ट होतं. बाकीचं ब्रश मारून धुतलं की वाहून जातं. शिक्का तयार.

त्या सोमवारी जुन्या प्रिंटरने डोळे फिरवले. प्रत्येक काळ्या पानात आडवी पांढरी रेघ. त्या रेघेतून उजेड गेला, रेघ घट्ट झाली, आणि व्यवस्थापकसाहेबांच्या शिक्क्यात साहेबांचं नाव बरोबर मधोमध खोडलेलं उमटलं.

"अरेच्चा," ते गिऱ्हाईक म्हणालं, "साहेबांना काढलं की काय? मला तर कुणी बोललं नाही."

भिंगरीला हसू आलं नाही. कारण सकाळीच ट्रान्सपोर्टवाल्यांचे मुनीमजी येऊन गेले होते. सगळ्या गोदामांचे शिक्के, शनिवारी, एकही कमी नको. असं काम वर्षावर्षात येत नाही. आणि संध्याकाळी थोरले भावोजी, तिचे मोठे दीर, आले ते नेहमीचंच घेऊन. भावोजी कोपऱ्यावर हातगाडी लावून मोबाइलची कव्हरं विकायचे.

"बाबा, शिक्के आता मारतं कोण? सगळं फोनवर चाललंय. तो गाळा मला द्या. गाडी ढकलून माझे खांदे गेले."

"आणि ही?" मामंजींनी हनुवटी भिंगरीकडे वळवली. ती तेव्हा बंद प्रिंटरचं झाकण चौथ्यांदा उघडून आत फुंकत होती.

"तिला काय, घरी बसेल निवांत."

"निवांत? ही?" मामंजी खोकत खोकत हसले. मग गप्प झाले, आणि गप्प झाले की ते निकाल द्यायचे. "हे बघा. बाजूला टाकलेत त्या पैशांत मशीन एकच येईल. ते नीट चाललं, शनिवारचं काम वेळेत पुरं झालं, तर गाळा हिचा. मी तसं लिहून देतो. नाही चाललं, तर तुझी कव्हरं टांग. मला आता रोजची कटकट नको."

त्या रात्री नवऱ्याने काय सल्ला द्यावा? "तुला पटेल ते घे." बसचा चालक माणूस, दिवसभर शेकडो लोकांना वळणं घेऊन नेणारा, आणि घरी एक वळण म्हणून घेईना. भिंगरीने कूस बदलली, पुन्हा बदलली, शेवटी उठून चपला सरळ करून आली.

दुसऱ्या दिवशी दुकानाबाहेर भावोजीच उभे.

"चल, मी येतो. उगाच म्हणशील, एकटी सोडून मुद्दाम बुडवलं. हिशेब मला कळतो."

"तुम्ही? माझ्या बाजूने?"

"मी गाळ्याच्या बाजूने आहे गं. पण फसवून मिळालेला नको मला."

तर अशी ही जोडी संगणकांच्या दुकानात शिरली. आत गारवा, गुळगुळीत फरशी, आणि एक टायवाला, ज्याचं हसू आधी यायचं आणि माणूस मागून.

"या मॅडम! घरासाठी की ऑफिससाठी?"

"जिन्याखालच्यासाठी," भिंगरी म्हणाली आणि सरळ मशीनांच्या रांगेत घुसली. झाकणं वर, ट्रे बाहेर, ट्रे आत.

"हा बघा, शाईच्या टाकीचा. पानाचा खर्च जवळजवळ शून्य."

तिने पिशवीतून बटरपेपर काढून दिला. पान बाहेर आलं. तिने बोट फिरवलं आणि अक्षरं बोटाबरोबर फिरायला निघाली.

"ही शाई बटरपेपरवर घसरगुंडी खेळते, दादा. लेझरच दाखवा."

लेझर दोन दाखवले. एक अगदी स्वस्त. भावोजींनी फोनवर टकटक केली आणि मान हलवली. "हा नको. मशीन फुकटात देतात आणि टोनरच्या कार्ट्रिजला मान कापतात. दोनदा कार्ट्रिज घेतलं की मशीनची किंमत वसूल."

टायवाल्याचं हसू जरा आखडलं. "साहेबांचा अभ्यास दिसतोय."

"साहेब कव्हरं विकतात," भिंगरी म्हणाली. "दुसरा?"

दुसरा पांढराशुभ्र, आटोपशीर. जिन्याखाली मापात बसेल असा. कार्ट्रिज मोठं, माहितीपत्रकावर हजारोंच्या घरात पानं. भावोजींनी भागाकार केला, पुन्हा केला, फोन तिच्यासमोर धरला. "पानामागे हा आकडा. जुन्याच्या निम्मासुद्धा नाही. घे."

"छापून बघते आधी."

इथे भिंगरीचा हात सवयीने चालला. मामंजींच्या दुकानाचा एक दंडक होता. आधी प्रूफ, पांढऱ्यावर काळी अक्षरं, गिऱ्हाइकाला दाखवायचं, त्याची सही घ्यायची, आणि मगच निगेटिव्ह. सहीआधी जो काळं पान काढेल त्याने टोनर नाल्यात ओतला असं समजा. इतकी वर्षं तिने हेच केलेलं. त्यात हे परक्याचं दुकान, परक्याचा टोनर. तिने पेनड्राइव्ह लावला आणि सवयीने प्रूफ काढलं.

आणि काय अक्षर आलं! बारीकातली बारीक ओळ सुईने कोरल्यासारखी. तिने कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, उलटा धरून वाचला. शिक्केवाल्यांना उलटं सुलटं सारखंच.

"द्या बांधून," ती म्हणाली, आणि त्या दिवसात पहिल्यांदा तिचे पाय एका जागी थांबले.

बुधवारी सकाळी पहिलं निगेटिव्ह काढलं. पान कडेने काळंभोर आणि मध्ये राखाडी. धुरकट काचेसारखं. तिने ट्यूबलाइटसमोर धरलं, तर पलीकडची ट्यूब दिसली.

"चाललं का गं?" मामंजींनी खुर्चीतून विचारलं.

"गरम होतंय अजून!"

गरम होऊन आणखी एक काढलं. तसंच. सेटिंगमध्ये टोनर वाचवायची खूण होती ती काढली, गडदपणा शेवटपर्यंत ओढला. जरा सुधारलं, पण मधला ढग गेला नाही. तरी तिने ते काचेवर लावलं, रसायन ओतलं, दिवा लावला. धुवायला घेतलं तर अक्षरांच्या मधलं काही निघेचना. ब्रश घासून घासून मनगट भरून आलं. कागदावर उमटवला तर गोदामाच्या पत्त्याऐवजी नुसता काळा ठोकळा.

मग दोन निगेटिव्ह एकावर एक ठेवून पाहिली. काळं झालं, पण प्रिंटरच्या उष्णतेने दोन्ही पानं वेगवेगळी आकसलेली, त्यामुळे अक्षरांना कडा दोन-दोन. तिसरं पान आत वळणावर मुडपलं आणि अडकलं. ते ओढून काढेपर्यंत मशीनवर नारिंगी दिवा लुकलुकायला लागला.

टोनर संपत आला म्हणे. कालचं मशीन!

भिंगरीने माहितीपत्रक पुन्हा काढलं. हजारो पानं म्हणजे कसली पानं, हे खाली मुंगीच्या अक्षरात होतं. ज्यावर चार ओळी खरडल्यात आणि बाकी सगळा पांढरा माळ आहे, अशी पानं. सोबत मिळणारं पहिलं कार्ट्रिज अर्धवटच भरलेलं, हेही तिथेच होतं. तिची पानं तर काठोकाठ काळी. भावोजींचा भागाकार चोख होता, भागलं होतं चुकीच्या पानांनी. पण राखाडी ढग? त्याला भागाकार जबाबदार नव्हता. तो दुकानातच दिसला असता. एक काळं पान काढलं असतं तर.

ती उठली, बसली, बाहेर जाऊन पायरीवर उभी राहिली, परत आली.

"मामंजी, माझी चूक झाली."

"कसली?"

"तिथे मी प्रूफ काढलं. निगेटिव्ह काढलंच नाही. हे मशीन आपल्या कामाचं नाही."

वरून कुणीतरी जिना उतरलं, शिक्के थरथरले.

"दंडक माझाच," मामंजी म्हणाले. "पण शब्द म्हणजे शब्द. शनिवार तो शनिवार."

"मी कुठे शब्द बदला म्हणतेय?" आणि ती मशीन खोक्यात घालायलाही लागली.

रिक्षात खोकं मांडीवर, आणि खोक्यावर ती राखाडी पानं. टायवाल्याने तिला दारातून येताना पाहिलं आणि त्याचं हसू आत गेलं.

"मॅडम, सील फोडलेलं परत घेत नाही. आणि तुमचं काम असलं आहे हे आधी सांगायचंत ना! मी हे दिलंच नसतं."

"खरंय. मला वाटलं, पान म्हणजे पान."

या उत्तराची त्याला सवय नसावी. त्याने राखाडी पान उजेडात धरलं. "सगळंच काळं लागतं? कशाला?"

तिने सांगितलं. हातवारे करत, काउंटरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत. शनिवारही सांगितला, गाळाही सांगितला. टायवाला ऐकत राहिला आणि मग त्याने टायची गाठ सैल केली.

"मागे या."

मागच्या खोलीत, रिकाम्या खोक्यांच्या ढिगाआड, एक धूड बसलं होतं. पिवळट पडलेलं, कुठल्यातरी वकिलाच्या ऑफिसातून बदलीत आलेलं. "हे कुणी घेत नाही. जड आहे, आवाज करतं, वीज खातं. पण कार्ट्रिज पुन्हा भरून मिळतं, कुठल्याही गल्लीत. आणि मागचं झाकण उघडलं की कागद न वळता सरळ बाहेर. तुमचं नवं ठेवा इथे, हे न्या. वर काही नको. पण परत आणायचं नाही हं, कुठल्याच कारणाने."

नवंकोरं देऊन जुनं घ्यायचं. भावोजी काय म्हणतील ते तिला आत्ताच ऐकू येत होतं. तिचे पाय दाराकडे वळले, परत आले.

"बटरपेपर आहे माझ्याकडे," ती म्हणाली. "आणि या वेळी मी तुमचा टोनर ओतणार आहे. चालेल?"

"ओता."

धूड घुरघुरलं, हललं, आणि मागच्या झाकणातून पान सरळ सरकत आलं. भिंगरीने ते घेतलं आणि छताच्या ट्यूबलाइटसमोर धरलं. काळं. कडेलाही, मध्येही. उजेड फक्त अक्षरांतून, पत्ता स्वच्छ. तिने दुसरं काढलं. तिसरं काढलं. ओळीने पानं निघत गेली, तशी टायवाल्याने हळूच टायची गाठ पुन्हा आवळली.

"मॅडम, मला वाटतं पटलं असावं."

"आणखी एक," ती म्हणाली. "शेवटचं पान पहिल्यासारखं येतं का, ते बघू दे."

आलं.

गुरुवार, शुक्रवार दुकानात उभं राहायला जागा नव्हती. धुडाने काउंटरची निम्मी लांबी गिळली, भिंगरी कडेकडेने सरकून काम करायची, आणि घुरघुरीने मामंजींना ओरडून बोलावं लागायचं.

"वकिलाचं आहे ना?" ते ओरडायचे. "म्हणूनच तोंड बंद होत नाही!"

शनिवारी मुनीमजी आले. मागोमाग भावोजीही आले, उगाच, हात मागे बांधून. मुनीमजींनी एकेक शिक्का उचलावा, पॅडवर दाबावा, कागदावर ठोकावा, चष्मा वर करून पाहावं. ठक. पुढचा. ठक. भिंगरी काउंटर पुसायला गेली, तर त्यांनी नुसती नजर वर केली. तिने फडकं मागे धरलं.

"ठीक," मुनीमजी शेवटी म्हणाले. "गोदामं वाढली की येईन." आणि शिक्क्यांची पिशवी उचलून चालते झाले. कौतुक वगैरे काही नाही.

भावोजींनी ठशांचा तो कागद उचलला, बराच वेळ पाहिला. मग धुडाकडे पाहिलं. "नवं देऊन हे आणलंस? वेडी आहेस."

"आहे."

"आणि पानामागे खर्च?"

"तो काल पुन्हा काढला. माझ्या पानांचा, काठोकाठ काळ्या. नव्या मशीनच्या निम्म्याहून कमी. कार्ट्रिज गल्लीत भरून मिळतं ना."

भावोजींचा हात सवयीने फोनकडे गेला आणि तिथेच राहिला. "बाबा," ते म्हणाले, "मग गाळा..."

"ऐकू येत नाही रे!" मामंजी ओरडले. मशीन तर बंद होतं. पण खिशातून घडी घातलेला कागद काढून त्यांनी भिंगरीपुढे धरला. "वाचून घे. सही केलीय. नावात काही चुकलं असेल तर सांग, तुझं खरं नाव लिहायची सवय मोडलीय मला."

तिने कागद घेतला, वाचला, पुन्हा वाचला. नाव बरोबर होतं.

"बस की जरा आता," मामंजी म्हणाले.

"बसते," भिंगरी म्हणाली, आणि कागद ब्लाउजमध्ये खोचत वळली. "भावोजी, जायच्या आधी एक हात लावा. हे धूड भिंतीकडे सरकवलं ना, तर या बाजूला तुमच्या कव्हरांची एक फळी मावेल. भाडं द्यायचं मात्र. पकडा तिकडून. तिकडून हो! मामंजी, पाय वर घ्या."