देवघराच्या खणातला कागद

माझ्या मुलाकडून ज्यांनी ही हकीकत ऐकली आहे, त्यांची समजूत अशी की हट्टी म्हाताऱ्याने महत्त्वाचा कागद लपवला आणि त्यापायी न्यायालयाला इस्पितळात यावे लागले. तो फ्रँकफर्टच्या बँकेत आहे; तिथे माणूस तपशिलाला पक्का होतो म्हणतात. हा तपशील साफ चुकीचा आहे.

जर्मनीत, ब्राउनश्वाइगच्या माझ्या घरात मी जिन्यावरून पडलो आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रियेनंतर दोन दिवस मी भ्रमात होतो, हे मला मान्य आहे. यांच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार कोणाला, असे डॉक्टरांनी तेव्हा विचारले. "मी मुलगा आहे," तो म्हणाला. एवढे पुरेल, अशी त्याची आपल्याकडची समजूत. इथे लेखी फोलमाख्ट, म्हणजे मुखत्यारपत्र, लागते. नसेल तर न्यायालय कोणाला तरी नेमते. त्याने न्यायालयाला स्वतःचे नाव कळवले आणि त्याच धडाक्यात फ्रँकफर्टजवळच्या वृद्धाश्रमात माझ्यासाठी खोलीही पाहून ठेवली.

चौथ्या दिवशी न्यायाधीशबाई माझ्या खाटेशी आल्या, तेव्हा मी पूर्ण शुद्धीवर होतो.

"तुमच्या वतीने कोणी बोलावे?"

"माझ्या सुनेने. तसे लिहून ठेवले आहे. घरी, देवघराच्या खणात, तांबड्या कापडाखाली."

"आल्झो, म्हणजे बाबा अजून भ्रमातच आहेत," मुलगा म्हणाला.

सून मूळची कोलोनची. ती किल्ली घेऊन गेली आणि तासाभरात कागद घेऊन आली. माझ्या सहीवर कुंकू सांडले होते. हा शिक्का आहे का, असे बाईंनी विचारले.

"त्याहून जुना आहे," मी म्हणालो.

मुखत्यारपत्र असल्यामुळे कोणाला नेमण्याची गरज उरली नाही. मी घरी परतलो.

आमच्या घरात महत्त्वाचा कागद देवापाशीच असतो. पासपोर्टही तिथेच आहेत. त्याला लपवणे म्हणत नाहीत. कोणाला सांगितले नाही, एवढी चूक माझी. सुनेचे नाव का घातले, याचे उत्तरही साधे आहे. बायको गेल्यानंतरच्या हिवाळ्यात फक्त तिनेच मला विचारले होते, "बाबा, तुम्हाला कुठे राहायचंय?"

यंदा गणपतीत पाहुण्यांसमोर मुलाने पुन्हा तीच कथा लावली. मी म्हणालो, "देवाला हात जोडायला खाली वाकला असतास तर तुलाच सापडला असता."

पाहुणे हसले. तो हसला नाही. सगळे गेल्यावर माझ्यासमोर येऊन बसला.

"त्या मुखत्यारपत्रात दुसऱ्या नावाची ओळ रिकामी का ठेवलीत? मी आहे ना?"

"आहेस. पण एक विचारायचं राहून गेलंय तुझं."

स्वयंपाकघरातून सुनेचा आवाज आला, "गेनाऊ. अगदी बरोबर."

त्याने स्वयंपाकघराकडे पाहिले. मग म्हणाला, "तुम्हाला कुठे राहायचंय, बाबा?"

"इथे."

"जिना आहे इथे."

"जिन्याला दुसरा कठडा बसवता येतो."

त्याने मान डोलावली. कागद पुन्हा तांबड्या कापडाखाली आहे आणि ओळ अजून रिकामी आहे. दिवाळीपर्यंत कठडा बसला, तर त्याचे नाव मी माझ्या हाताने लिहीन.