फिलिप्पैची दासी आमच्या घरात होती

ही गोष्ट मी आजवर टाळत आलो. चर्चच्या मंडळीत साक्ष द्यायला उभा राहिलो की दारू कशी सुटली तेवढं सांगायचो आणि बसायचो.

सेक्टर २ मधल्या आमच्या क्वार्टरमध्ये दर शुक्रवारी संध्याकाळी प्रार्थनासभा भरायची. मी स्टील प्लांटमध्ये फिटर, आणि सभेचा वडील, म्हणजे सभा चालवणारा. धाकट्या भावाची मुलगी, तो वारल्यावर, आयटीआय करायला आमच्याकडे राहत होती. एकदा प्रार्थना चालू असताना तिचं अंग थरथरलं आणि ती एका बाईला म्हणाली, "तुमचा पोरगा येऊन राहिला." घर सोडून गेलेला तो मुलगा खरंच परत आला. मग आमच्या अंगणात चपला ठेवायला जागा उरेना. पार खुर्सीपारहून लोक यायला लागले.

लोक प्रार्थनेच्या विनंत्या आधी माझ्याजवळ सांगत. कोणाचा नवरा आजारी, कोणाच्या मुलीचं लग्न अडलेलं. मी ते दुपारी स्वयंपाकघरात पुतणीला सांगायचो. तिनंही प्रार्थना करावी म्हणून सांगतो, अशी मी माझी समजूत घातली होती. संध्याकाळी तिला सगळ्यांसमोर खुर्चीत बसवायचो आणि तिला नेमकं तेच 'दिसायचं'. शुक्रवारी तिला उपास असायचा, तोही मीच लावलेला.

"मोठेबाबा, आज मले नका बसवू. चक्कर येऊन राहिली."

"देवाचं दान हाय बाई. नाही म्हणू नये."

बायको पोळी उलटत म्हणायची, "तुमचा देव आजकाल माह्या स्वयंपाकघरातून बोलून राहिला वाटते."

मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो.

सभेत शास्त्राचं, म्हणजे बायबलचं, वाचन क्रमानं चालायचं. एका शुक्रवारी फिलिप्पै नगरातल्या त्या दासीचा उतारा आला, आणि वाचायची पाळी पुतणीची होती. त्या मुलीच्या अंगात भविष्य सांगणारा आत्मा होता आणि तिच्या जिवावर तिचे धनी कमावत होते. प्रेषित पौलानं तो आत्मा घालवला, तेव्हा मुलगी सुटली याचा आनंद धन्यांना झाला नाही. कमाई बुडाली म्हणून ते चवताळले. या उताऱ्यावर मी कितीदा बोललो होतो. दरवेळी घाईघाईनं पुढे, धन्यांनी पौलाला टाकवलेल्या तुरुंगाकडे जायचो, भूकंपाकडे, उघडलेल्या दारांकडे. स्वतःला पौलाच्या जागी धरायचो.

वाचन संपलं. खुर्सीपारच्या एका बाईनं पदर सावरत विचारलं, "बेटी, माह्या घरच्यांचं काय दिसून राहिलं?"

पुतणी खुर्चीवरून उठली. "काकू, मले काही दिसत नाही. तुम्ही मोठेबाबांजवळ सांगता, ते मले सांगतात, तेच मी बोलते. तुमच्या घरच्यांसाठी प्रार्थना करीन. पण या खुर्चीत पुन्हा बसणार नाही."

आवाज जरासुद्धा कापला नाही. आमच्या घरात देवाचं खरं सामर्थ्य उतरलं ते त्या संध्याकाळी. उताऱ्यातली दासी पौलाबद्दल 'हा देवाचा दास आहे' असं जे ओरडत होती ते खोटं नव्हतं, तरी देवाला ते तसं नको होतं. जुंपलेल्या तोंडातून निघालेली स्तुती त्याला चालत नाही. आमच्याकडे त्यानं पौलाची वाट पाहिली नाही, थेट मुलीलाच उभं केलं.

आणि मी काय केलं? सगळ्यांसमोर म्हणालो, "हिच्यात सैतान शिरला."

ती त्याच संध्याकाळी मरोद्याला आईकडे निघून गेली. आमचं अंगण ओस पडलं. तिनं आयटीआय पूर्ण केलं. आज ती प्लांटमध्ये क्रेन चालवते, वितळलेलं लोखंड लोकांच्या डोक्यावरून सांभाळून नेते. मरोद्याच्या मंडळीत बायकांची प्रार्थना तीच घेते. तिथली एक बाई मला म्हणाली, "तिच्याजवळ सांगितलेलं तिच्या नवऱ्यालेही कळत नाही." मला फार आनंद झाला. सैतान हरला होता, आणि हरणाऱ्यांच्या बाजूला मी उभा होतो, तरीही झाला.

मागच्या महिन्यात तिच्याकडे गेलो. काय बोलायचं ते वाटेत मनात पक्कं केलं होतं. तिनं वांग्याची भाजी केली होती.

"मोठेबाबा, अजून घ्या ना. कावून असे पाहून राहिले?"

"काही नाही," म्हणालो आणि जेवलो. ती फाटकापर्यंत सोडायला आली. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "ड्यूटीवर जाताना गाडी हळू चालवत जा."

बोलायचं होतं ते हे होतं: बाई, तुह्यात सैतान नव्हता. तुले विकून राहिलेला धनी मी होतो. मले माफ कर.