भामरे सरांचा ऋणनिर्देश

द्वारका चौकात सहसा कोणी कोणाला वाट देत नाही. चुकून एखाद्या रिक्षावाल्याने दिलीच, तर भामरे सर स्कूटर थांबवून त्याचे आभार मानत. नुसता हात हलवून नव्हे. गाव कोणतं, मुलं काय शिकतात, इथपर्यंत चौकशी करून. मागे तुंबलेलं अर्धं नाशिक हॉर्न वाजवत असे आणि मागच्या सीटवरचा मी मान खाली घालून बसत असे. "उपकार अंगावर ठेवून पुढं जायचं नाही, भाऊ," ते समजावत. व्यवहारात याचा अर्थ, पुढे जायचंच नाही.

सर मूळचे नामपूरचे. आमच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवत. पन्नाशी उलटल्यावर पीएच.डी.ला बसले, कारण पदोन्नती तिच्यावाचून अडली होती. अडलेला माणूस विषय सोपा घेतो. सरांनी घेतला दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत मजुरी करणाऱ्या बायकांचा. आमच्यातले काही डॉक्टर प्रश्नावल्या घरी बसून स्वतःच भरतात. हे मात्र दर रविवारी एसटीने दिंडोरीला जाऊन त्या बायकांबरोबर उन्हात उभे राहत.

मी मराठी शिकवतो, त्यामुळे कॉलेजातली सगळी प्रुफं माझ्याकडे फुकट येतात. प्रबंध चांगला होता, हे मला नाइलाजाने मान्य करावं लागलं. बायकांची नावं बदललेली, गावाला 'क्ष' म्हटलेलं. औषध मारल्यावर पानं वाळायच्या आत मुकादम बायकांना बागेत उतरवतो, हे एकीने सांगितलं होतं. ते प्रकरण सगळ्यांत कसदार होतं. मग मी ऋणनिर्देशाकडे आलो. आमच्याकडे तो मार्गदर्शकांच्या थोरवीने सुरू होतो आणि पत्नीच्या सोशिकतेपाशी संपतो. सरांचा संपतच नव्हता. प्राचार्य, टायपिस्ट, एसटीचा कंडक्टर, खुद्द मुकादम, आणि मग गावाच्या खऱ्या नावासकट एकेक बाई. 'फवारणीविषयी निर्भीडपणे बोलणाऱ्या यमुनाबाई' त्यांतच होत्या.

"आत नावं लपवलीत आणि इथं पत्त्यासकट दिलीत?" मी विचारलं.

"आत माहिती आहे, भाऊ. इथं माणुसकी आहे."

मी ती सगळी नावं तांबड्या पेनाने काटली. सरांनी माझे आभार मानले आणि सगळी पुन्हा घातली. वर माझ्या चिकाटीवर एक वाक्य वाढवलं.

पूर्वी याने काही बिघडलं नसतं. प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात जात आणि वाळवीखेरीज तिथे कोणी फिरकत नसे. आता विद्यापीठ ते इंटरनेटवर टाकतं. सरांना याचा कोण आनंद. ज्ञान खुलं झालं पाहिजे, असं म्हणत त्यांनी प्रबंधाची लिंक ऋणनिर्देशातल्या प्रत्येकाला पाठवली. मुकादमालाही. प्रबंध कोणी वाचत नसलं तरी आपलं नाव आलंय का, हे बघायला पहिली पानं सगळे चाळतात. मुकादमानेही चाळली. आपल्या नावाखाली त्याला यमुनाबाईंचं दिसलं.

छाटणी सुरू झाली आणि मजुरांची जीप यमुनाबाईंच्या दारात थांबेना. त्यांचा फोन आला तेव्हा सर स्टाफरूममध्ये माझ्यासमोरच होते. ऐकून झाल्यावर आयुष्यात पहिल्यांदा ते कोणाचे आभार न मानता उठले.

रविवारी आम्ही दिंडोरीकडे गेलो. मुकादमाने चहा पाजला आणि अट सांगितली: फवारणीचं तेवढं काढून टाका, उद्यापासून जीप थांबेल. सरांनी चहाबद्दल त्याचे आभार मानले. माझे हात शिवशिवत होते.

यमुनाबाई घराबाहेर गहू निवडत होत्या. ते प्रकरणच काढून टाकतो, असं सर म्हणाले. त्यांनी सुपातून मान वर केली नाही.

"खोटं लिवलंय का त्यात?"

"नाही."

"मग ते का काढता? नावं काढा. मी शेजारच्या गावच्या टोळीत जाईन चालत. तिथल्या मुकादमानं वाचाया नको म्हंजे झालं." मग सूप खाली ठेवून म्हणाल्या, "मोबाईलातलं काढा, सर. पण ते पान मला कागदावर द्या. माझं नाव छापल्यालं कवाच बघितलं नव्हतं."

एकट्या यमुनाबाईंचं नाव काढलं तर गाळलेली जागाच बोट दाखवेल, म्हणून सरांनी सगळ्या बायकांची काढली. मग प्राचार्यांचं, मग मार्गदर्शकांचं. निदान मार्गदर्शक तरी राहू द्या, पदोन्नतीचा प्रश्न आहे, असं मी विनवलं. "बायकांची पुसून साहेबांचं ठेवू? ते कसं दिसंल?" दुरुस्तीसाठी प्रबंध इंटरनेटवरून खाली उतरला आणि समित्यांमधून फिरत राहिला. दरम्यान पदोन्नतीची मुलाखत आली. फाईलला प्रबंधाची लिंक हवी होती. लिंक उघडत नव्हती. मार्गदर्शकांनी स्वतःवरची दीड पानं गेलेली पाहून बोलणं टाकलं. यमुनाबाई दुसऱ्या टोळीत लागल्या. सर होते त्याच पदावर निवृत्त झाले.

निरोप समारंभाला आम्ही पोटभर खाऊन गेलो होतो. सरांचं आभाराचं भाषण संध्याकाळपर्यंत चालेल, अशी खात्री होती. सर उठले. "ज्यांचं देणं होतं त्यांच्या दारात जाऊन आलोय. बाकीच्यांकडे येतो," एवढंच म्हणून बसले. प्राचार्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. दुसऱ्या वाक्याचा अर्थ त्यांच्या उशिरा लक्षात आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मी दूध तापत ठेवलेलं असताना, बेल वाजली. सर आत यायला तयार नव्हते. आभार दारातच मानायचे असतात म्हणे. प्रुफांपासून सुरुवात झाली. शाईच्या रंगाचाही उल्लेख झाला. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत ऐकत होतो. शेवटी ते थांबले, आणि खालच्या आवाजात म्हणाले, "तुम्ही काटलं होतं, भाऊ. बरोबर काटलं होतं."

आतून हिची हाक आली: दूध उतू गेलं होतं. सरांनी ते ऐकलं, चपला काढल्या, आणि वहिनींचे आभार मानायचे राहिले म्हणून सरळ स्वयंपाकघरात गेले.