दिगूभाऊंच्या घरची पाटवडी

फोनवर दिगूभाऊंचं नाव दिसलं तेव्हा मी शाळेच्या व्हरांड्यात उभा होतो. उचलताच विचारलं, "काय ठरलं मग, दिगूभाऊ? पाटवडी की सांभारवडी?" पलीकडून त्यांच्या शेजारच्या मुलीचा आवाज आला, "काका, दिगूकाका गेले. अंघोळ करून आले अन् बसल्या जागीच..." आदल्याच संध्याकाळी आम्ही चौघे मित्र आर्वीच्या बसस्थानकाबाहेरच्या चहाटपरीवर बसलो होतो. तलावाकाठच्या येत्या मुक्कामाला कुणी काय न्यायचं याची वाटणी चालली होती, आणि नेहमीप्रमाणे दिगूभाऊ म्हणाले होते, "घरी इचारून सांगतो." मी त्या उत्तराची वाट पाहत होतो. मरणाच्या फोनवर आपण पाटवडीची चौकशी केली, याची लाज दीड महिना झाला तरी गेलेली नाही. पण ते असते तर या गोष्टीवर सर्वात आधी तेच हसले असते, हेही मला पक्कं ठाऊक आहे.

दिगूभाऊ एसटीच्या आगारात मेकॅनिक होते. मी मास्तर, प्रमोदचं बियाण्या-खतांचं दुकान, आणि भास्करची आष्टीकडे डोंगराला लागून शेती. हिवाळ्यात दोन-तीनदा भास्करच्या शेतावरच्या तलावाकाठी तंबू ठोकायचे, दोन दिवस राहायचं आणि आपापल्या घरून आणलेलं अंगतपंगत करून खायचं, हा आमचा पंधरा वर्षांचा नेम. कुणी काय न्यायचं यावर मुक्कामापेक्षा जास्त चर्चा व्हायची. या बाबतीत शेवटचा शब्द दिगूभाऊंचा, कारण ते पदार्थाचा विचार रस्त्यावरून करायचे. एकदा प्रमोदनं डाळभाजीचा डबा मोटारसायकलला अडकवून आणला आणि पोहोचेपर्यंत अर्धी डाळभाजी त्याच्या पँटवर होती. तेव्हापासून दिगूभाऊंनी नियमच केला, "खड्ड्यात टिकन तेच आना. पातळ जे काई असन ते तिथंच शिजवा." पहिल्या दिवशी कोथिंबिरीची सांभारवडी, भाकरी, ठेचा असं कोरडं, दुसऱ्या दिवशी वांगी भाजून भरीत किंवा चुलीवर रस्सा. एकच पदार्थ दोघांनी आणायचा नाही. सगळ्यांचं असं जागच्या जागी ठरवून टाकणारा हा माणूस स्वतःच्या घरचं मात्र कधी टपरीवर सांगत नसे. घरी विचारल्याशिवाय त्यांचं पान हलत नाही म्हणून आम्ही त्यांना काय काय चिडवलं! "हायकमांडचा आदेश आला का?" हे तर ठरलेलं. ते नुसते हसायचे आणि उरलेला चहा संपवायचे.

आणि घरून जे यायचं ते असं असायचं की बाकीचे डबे झाकलेले राहायचे. निर्मलावहिनींच्या हाताची चव अर्ध्या आर्वीला ठाऊक. एके काळी लग्नकार्यात आचारी असला तरी पाटवडीला वहिनीच लागायच्या. त्या पाटवडीवर तीळ आणि बारीक चिरलेला सांभार, कापलेल्या कडा सरळ, आणि तिथं चुलीवर केलेल्या झणझणीत रश्श्यात सोडली तरी वडी फुटायची नाही. पहिला घास घेतला की भास्कर म्हणायचा, "वा वहिनी!" जणू त्या समोरच बसल्या आहेत. दिगूभाऊ मान खाली घालून जेवत राहायचे. मी एकदा जवसाची चटणी नेली आणि बायकोनं कुटलेली ती चटणी बेधडक माझ्या नावावर खपवली. आयत्या बिळावर नागोबा! दिगूभाऊंनी चाखली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "जवस चांगला भाजला, मास्तर." मला वाटलं, फसले.

एका मुक्कामाच्या दिवशी मी ठरल्या वेळेच्या तासभर आधीच त्यांना घ्यायला गेलो. दार उघडं होतं. आतून वहिनींचा आवाज येत होता, "हलवत राहा, थांबू नोका... आता मीठ." मी दोन पावलं आत टाकली आणि तिथंच थबकलो. वहिनी स्वयंपाकघरात लाकडी खुर्चीवर बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर. संधिवाताचं आम्ही ऐकून होतो, पण बोटं इतकी वाकलेली, की त्या हातांत पेलाही धरवला नसता. आणि ओट्यापाशी, आगाराचा जुना खाकी शर्ट घालून, घामानं डबडबलेले दिगूभाऊ कढईतलं बेसन घोटत होते. मग त्यांनी तो वाफाळता गोळा तेल लावलेल्या ताटात घेतला आणि इंजिन उघडणाऱ्या त्या रुंद पंजांनी थापायला लागले. वहिनी पुढे झुकून पाहत होत्या. "कडेले जाड राह्यलं." दिगूभाऊंनी कड दाबली. "हं. आता सांभार."

मी पाय न वाजवता बाहेर आलो आणि मोटारसायकलपाशी उभा राहिलो. थोड्या वेळानं दिगूभाऊ बाहेर आले, मला पाहिलं, उघड्या दाराकडे पाहिलं. त्यांच्या नखांत हळद होती. ती हळद मी कितीतरी वेळा पाहिली होती आणि मेकॅनिकच्या नखांत ते पिवळट ग्रीसच असणार असं धरून चाललो होतो. "कधीपासून?" एवढंच मी विचारलं.

"सात-आठ वर्सं झाले," ते म्हणाले. "पयले तिले लय जड गेलं. कोनी पाटवडी मांगतली का रडे. मंग मी म्हनलं, तू सांग, मी करतो. चव तिचीच हाये, मास्तर. हात कोनाचे, त्यानं काय फरक पडते? कोनाले सांगू नोका. तिचं नाव राहू द्या."

मी सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून तलावाकाठी पंगत बसली की मी त्यांच्याकडे पाहत राहायचो. आम्ही सगळे वहिनींचं कौतुक करतोय आणि ज्यानं पहाटेपासून कढईपाशी उभं राहून ते केलं, तो गडी एक शब्द बोलत नाही. मी बायकोची चटणी चोरली होती, आणि या माणसानं स्वतःच्या हातची मेहनत आठ वर्षं बायकोच्या नावावर जमा केली होती. मला त्यांचा फार अभिमान वाटायचा. आजही वाटतो, आणि तो असा चारचौघांत सांगताना मला जराही संकोच वाटत नाही. हे लिहिण्याआधी वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "लिवा. पन ह्यायले शिकवलं मी, हे बी लिवजा." लिहिलं.

दिगूभाऊ गेल्यावर मुक्काम बंद करावा असंच आमच्या मनात होतं. पण वहिनींचाच निरोप आला, नेम मोडू नका म्हणून. मग टपरीवर आम्ही तिघे बसलो, यादी केली. भाकरी भास्करच्या घरून, ठेचा आणि वांगी प्रमोद आणणार, सांभारवडी माझ्याकडची. दिगूभाऊंच्या घरचं काही धरायचं नाही असं ठरलं. त्या बिचारीला कशाला त्रास! आपण फार समजूतदारपणा केला असं वाटत होतं. दुसऱ्याच दिवशी वहिनींचा फोन. प्रमोदच्या बायकोकडून त्यांना कळलं होतं.

"भाऊजी, यादीत आमच्या घरचं काईच नाई म्हनते. काऊन? मी मेली काय?"

"तुम्हाला त्रास नको म्हणून..." मी म्हटलं.

"पाटवडी आमच्याच घरून जाईन. सकाळी सहाले या," त्या म्हणाल्या. आणि पुढे म्हणाल्या, "तुमाले मालूम हाये, हे मले मालूम हाये. त्या दिवशी मोटारसायकलीचा आवाज मले आलता. हात धुऊन या."

मी गेलो. त्या खुर्चीवर बसल्या होत्या, शेजारच्या मुलीनं केस विंचरून दिलेले, नेसण नीटनेटकी. त्यांनी सांगायचं आणि मी करायचं. पहिल्या खेपेला गुठळ्या झाल्या. वहिनींनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "फेका हे. हे माह्या नावावर जानार नाई." दुसऱ्या खेपेला गोळा जमला, पण थापताना हात असा पोळला की मी ओरडलोच. वहिनी हसल्या... दीड महिन्यात पहिल्यांदा. "ह्यायचे हात इंजिनचे होते, भाऊजी. तुमचे खडूचे." पदर डोळ्यांपर्यंत न्यायला त्यांना वेळ लागला. मी ताटाकडे पाहत थापत राहिलो.

तलावाकाठी डबा उघडला. भास्करनं घास घेतला आणि त्याचे डोळे भरून आले. "एवढ्या दुःखात बी वहिनीनं करून देल्ली?" मी म्हटलं, "हो." पुढे मला मान वर करवली नाही. पोळलेल्या बोटांनी जेवत राहिलो.

परत आल्यावर डबा द्यायला गेलो. वाटलं, दारातूनच द्यावा आणि निघावं, त्या थकल्या असतील. पण वहिनी खुर्चीवर वाट पाहत बसल्या होत्या. म्हणाल्या, "बसा. हे मुक्कामावरून आले का समदं सांगत. पयला घास कोनं घेतला, कोन काय म्हनलं, कोनं दुसऱ्यांदा वाढून घेतलं... शब्द न् शब्द. मी तलाव पाह्यला नाई, पन तिथंच जेवल्यावानी वाटे."

मला उशीर झाला होता, घरून फोन येत होता. मी तो बंद केला, डबा ओट्यावर ठेवला आणि वहिनींच्या समोर जमिनीवर बसकण मारून, भास्करनं डब्याचं झाकण उघडलं तिथपासून सांगायला लागलो.